फीची बाकी आणि अडवलेलं गुणपत्रक: एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीचं प्रकरण

शिष्यवृत्ती आणि प्रवेशाच्या कामात विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या एका छोट्या गटात मी काम करते. हे प्रकरण त्या कामातलं आहे. विद्यार्थिनीची ओळख पटू नये म्हणून तिचं आणि कॉलेजचं नाव, गाव आणि काही तपशील वगळले आहेत. तिने हे लिहायला परवानगी दिली. माझ्यासारखी दुसरी कुणी अशा खिडकीसमोर उभी असेल, तिला उपयोग होईल, असं ती म्हणाली.

पार्श्वभूमी

मुलगी बीड जिल्ह्यातली, आई-वडील ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की दोघं मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्याच्या भागात जायची आणि उन्हाळ्यात परतायची. ती आजीजवळ राहून शिकली. अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून, सीईटी देऊन, २०२०-२१ च्या प्रवेशात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजात संगणक शाखेला तिचा नंबर लागला. कॉलेज स्वायत्त होतं. पुढे ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

तिच्या फीचा भार भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर होता. पूर्वी या योजनेतली फीची रक्कम थेट कॉलेजकडे जायची. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेची रचना बदलली. ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, आणि पैसे विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. आधी राज्याचा हिस्सा येतो, मग केंद्राचा. खात्यात पैसे आले की विद्यार्थ्याने सात दिवसांत कॉलेजची फी भरायची.

कागदावर हा बदल चांगला आहे. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याची, ती त्याच्याच हातात पडावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण त्याबरोबर कॉलेज आणि सरकार यांच्यातला हिशेब अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींच्या नावावर चढला. हप्ता उशिरा आला तर थकबाकीदार विद्यार्थी ठरतो. हप्ता भलत्याच खात्यात गेला तरी तोच ठरतो.

समस्या

२०२४ च्या उन्हाळ्यात ती शेवटच्या वर्षाला प्रथम श्रेणीत पास झाली. गेट परीक्षेतही पात्र ठरली होती. एम.टेक.च्या केंद्रीय प्रवेश फेरीत तिला एका सरकारी कॉलेजात हवी ती शाखा मिळाली. तिथे हजर होताना आठव्या सत्राचं गुणपत्रक, टीसी आणि ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा) दाखवायचं होतं. मुदत थोडी होती.

ती आपल्या कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला गेली. तिथून तिला फी विभागाच्या खिडकीवर पाठवलं. खिडकीवरच्या क्लार्कने संगणकात पाहून एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला: १,४२,५००. त्याखाली तीन शब्द, ‘नो ड्यूज नंतर’.

बारावीचं मूळ गुणपत्रक आणि ज्युनिअर कॉलेजचा दाखलाही पहिल्या वर्षापासून कॉलेजकडेच होता. कॉलेज स्वायत्त असल्याने सत्राची गुणपत्रकं आणि ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठ नव्हे, तर कॉलेजचाच परीक्षा विभाग देत होता. विद्यापीठाकडे अर्ज करून वाट काढावी, हा मार्ग बंद होता. चार वर्षांच्या अभ्यासाचा एकूण एक पुरावा एकाच इमारतीत होता.

वडिलांनी मुकादमाशी बोलणंही सुरू केलं होतं. पुढच्या हंगामासाठी एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची उचल आधीच घेतलेली होती. आता धाकट्या मुलालाही टोळीत घालून वाढीव उचल मागायची, असा त्यांचा विचार होता. मुलगा बारावीत होता. फोनवर ती हे सांगत असताना मला कळलं की हे प्रकरण एका मुलीच्या प्रवेशापुरतं नाही.

आकडा फोडून पाहणं

आमच्या कामाचा पहिला नियम असा की एकत्रित आकड्यावर बोलायचं नाही. कोणत्या वर्षाचे, कोणत्या शीर्षाखाली, आणि देणं नेमकं कोणाचं, हे तीन प्रश्न आधी विचारायचे. तिने वर्षनिहाय आणि शीर्षनिहाय तपशील लेखी मागितला. आवक विभागाने पत्र घ्यायला नकार दिला, म्हणून ते ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. दोन्हींची पोच ठेवली. तपशील मिळाला, तो असा:

२०२२-२३ ची शिष्यवृत्तीची बाकी ५४,०००
२०२३-२४ ची शिष्यवृत्तीची बाकी ५४,०००
प्लेसमेंट ट्रेनिंग २४,०००
उशिरा फी भरल्याचा दंड ९,३५०
ग्रंथालय दंड १,१५०

या पाच ओळींत पाच वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३-२४ चे ५४,००० म्हणजे केंद्राचा ६० टक्के हिस्सा, आणि तो तेव्हा कुणालाच मिळाला नव्हता. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर तो प्रलंबित दिसत होता. ते देणं सरकारचं. उशिराचा दंड त्याच न आलेल्या हप्त्यांवर लावलेला. प्लेसमेंट ट्रेनिंगचे पैसे शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या फीच्या बाहेरचे. त्या ट्रेनिंगची वेगळी संमती तिने कधी दिली नव्हती. ग्रंथालयाचा दंड तिला मान्य होता.

राहिले २०२२-२३ चे ५४,०००. महाडीबीटीवर ती रक्कम वितरित झालेली दिसत होती. तिच्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या पासबुकात मात्र राज्याचा ४० टक्के हिस्सा होता, केंद्राचा नव्हता. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधार कोणत्या खात्याशी जोडलेलं आहे ते पाहिलं तेव्हा उलगडा झाला. गावातल्या बीसी पॉईंटवर (बँकेच्या प्रतिनिधीच्या केंद्रावर) कधीतरी केवायसी म्हणून अंगठा दिला होता आणि तिचं आधार मॅपिंग तिथल्या दुसऱ्या खात्याकडे वळलं होतं. आधारवर आधारित रक्कम शेवटी मॅप झालेल्या खात्यात जाते, पासबुक कोणतंही दाखवा.

मी तिला विचारलं, त्या खात्यात काय आहे? ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला. पैसे आल्याचं तिला ठाऊक होतं. ५८,२०० जमा झाले होते. त्याच सुमारास आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं आणि तिने २२,००० काढून दिले. “ताई, कॉलेजला सांगितलं असतं तर चोर म्हटले असते,” ती म्हणाली.

५८,२०० हा आकडा तिलाही तेव्हा नीट उलगडलेला नव्हता. फी ९०,००० आणि खोली घेऊन राहणाऱ्या व्यावसायिक शाखेच्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता वर्षाला ७,०००; मिळून ९७,००० चे ६० टक्के. म्हणजे ५४,००० कॉलेजचे आणि ४,२०० तिचे. बँकेच्या मेसेजमध्ये ही फोड नसते. खात्यात ३६,२०० शिल्लक होते. ग्रंथालयाचा दंड सोडला तर तिचं खरं, तिच्याच हातून झालेलं आणि खात्यातून भागणार नव्हतं असं देणं १७,८०० रुपये निघालं. मागणी होती १,४२,५०० ची.

समोर असलेले पर्याय

उचल घेऊन पैसे भरणं हा घरच्यांना सर्वांत खात्रीचा वाटणारा पर्याय. त्याची किंमत मुलाचं शिक्षण होती. मी त्याला पहिल्यापासून ठाम विरोध केला. सरकारचं देणं ऊसतोडीच्या उचलीतून फेडणं हे मला कोणत्याच हिशेबात पटत नाही.

दुसरा पर्याय कॉलेजनेच तोंडी सुचवला. स्टॅम्प पेपरवर हमीपत्र आणि पुढच्या तारखांचे चेक द्या, कागदपत्रं घेऊन जा. घाईत असलेल्या विद्यार्थ्याला हे मोठ्या मनाचं वाटतं. पण हमीपत्र पूर्ण १,४२,५०० चं होतं. सही केली की सरकारची बाकी आणि वादातली ट्रेनिंग फी तिने स्वतःचं कर्ज म्हणून कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि चेक वटला नाही तर फौजदारी खटल्याची टांगती तलवार.

तिसरा, तक्रारीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तो पटला नाही तर विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील. १५ कामकाजाचे दिवस म्हणजे तीन आठवडे. प्रवेशाची मुदत त्याआधीच संपत होती.

चौथा, उच्च न्यायालय. महिला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. वेळेचा होता. एक विद्यार्थी संघटना कॉलेजच्या दारात ठिय्या द्यायलाही तयार होती. विद्यार्थिनीने नको म्हटलं. पाठची बहीण त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिला त्रास होईल, या विद्यार्थिनीच्या भीतीला मी खोटं म्हणू शकत नव्हते.

कायदा नेमका कुठे उभा होता

इथे थोडं थांबते, कारण अनेक मदतगट इथे सरसकट बोलतात आणि कॉलेजच्या वकिलासमोर अडकतात.

प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या मूळ कागदपत्रांबाबत आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना स्पष्ट आहे. मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत द्यायची, कोणत्याही सबबीखाली ताब्यात ठेवायची नाहीत. बारावीचं गुणपत्रक आणि ज्युनिअर कॉलेजचा दाखला यात बसत होते.

कॉलेजने स्वतः तयार केलेली कागदपत्रं, म्हणजे आठव्या सत्राचं गुणपत्रक, टीसी, ट्रान्सक्रिप्ट, यांचं तसं नाही. २०२३ च्या विनियमांत कागदपत्रं अडवणं ही तक्रार म्हणून नोंदलेली आहे, पण ती प्रवेशासाठी जमा केलेल्या कागदांबद्दल आणि जो अभ्यासक्रम विद्यार्थ्याला पुढे करायचा नाही त्याच्या फीसाठी अडवण्याबद्दल. आमच्या मुलीने अभ्यासक्रम पूर्ण केला होता. तेच कलम दाखवलं असतं तर समोरच्याने ते सहज खोडून काढलं असतं.

म्हणून इथे आधार वेगळा घ्यावा लागला. येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू ताब्यात ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये बँका, आडते, धक्केवाले (बंदरावर माल ठेवून घेणारे), उच्च न्यायालयातले वकील आणि विमा दलाल अशा मोजक्यांना दिलेला आहे. शिक्षणसंस्था त्या यादीत नाहीत. वकिलालाही फीसाठी अशिलाची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं. शैक्षणिक प्रमाणपत्र ही बाजारात विकण्याची वस्तू नाही, तिच्यावर असा हक्क चालत नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. मद्रासचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण प्राचार्यांना विचार करायला लावण्याइतका तो वजनदार आहे.

काय केलं

पत्र तीन भागांत लिहिलं. पहिल्यात, प्रवेशावेळची मूळ कागदपत्रं तत्काळ परत मागितली. दुसऱ्यात पाच ओळींचा हिशेब मांडला: कोणती बाकी सरकारकडे आहे, कोणती अमान्य आहे आणि कोणती मान्य आहे. तिसऱ्यात गुणपत्रक, टीसी आणि ट्रान्सक्रिप्ट मागितलं, आणि मान्य रकमेचा हप्ता सुचवला. एक प्रत तक्रार निवारण समितीला, एक समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांना.

त्याआधी एक निर्णय घ्यायचा होता. २२,००० ची गोष्ट पत्रात लिहायची की नाही? आमच्या गटात मतभेद होते. ती लिहिली तर कॉलेजच्या हाती कोलीत मिळेल, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं. मला वाटलं, पोर्टलवर वितरित दिसणारी रक्कम लपणार नाही, आणि ती दुसऱ्याने काढली तर बाकीच्या चार ओळींवरचाही विश्वास जाईल. शेवटचा शब्द मुलीचा होता. तिने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या: आईच्या ऑपरेशनसाठी २२,००० खर्च झाले, खात्यात शिल्लक असलेले ३६,२०० आज भरते, उरलेले १७,८०० हप्त्यांनी देईन.

पत्र पोचल्यावर बारावीचं गुणपत्रक आणि दाखला दुसऱ्याच दिवशी परत मिळाले. बाकीच्यासाठी प्राचार्यांनी भेटायला बोलावलं.

प्राचार्यांची बाजू मी इथे मुद्दाम मांडते. शिष्यवृत्तीची मोठी रक्कम सरकारकडून येणं होती आणि प्राध्यापकांचे पगार काही महिने मागे होते. पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात जायला लागल्यापासून काहींनी ते भरलेच नाहीत, आणि कागदपत्रं घेऊन गेलेले विद्यार्थी फोनही उचलत नाहीत. “मग आम्ही वसुली करायची कशी?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न खरा होता. पण त्याचं उत्तर पैसे प्रामाणिकपणे भरणाऱ्या मुलीचं गुणपत्रक अडवणं हे नव्हे, एवढंच मी म्हणाले.

समाज कल्याण कार्यालयाचं पत्र त्या बैठकीच्या वेळेला पोचलं होतं. २०२३-२४ चा केंद्राचा हिस्सा शासन स्तरावर प्रलंबित असून विद्यार्थिनीकडून तो मागू नये, असं त्यात होतं. बैठकीचा सूर तिथे बदलला. उशिराचा दंड रद्द झाला. ट्रेनिंग फी वादातली म्हणून वेगळी काढली. हमीपत्र झालं ते फक्त १७,८०० चं, चेकशिवाय, सहा हप्त्यांत: पाच ३,००० चे आणि शेवटचा २,८०० चा. गेट पात्र एम.टेक. विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, त्यावर ही आखणी बेतली होती.

काय निष्पन्न झालं

गुणपत्रक आणि टीसी मिळाली. टीसीच्या शेरा रकान्यात मात्र ‘फी बाकी’ असं लिहिलेलं होतं. ते घेऊन पुढच्या कॉलेजात जाणं म्हणजे बाकी तिच्या कपाळावर लिहून फिरणं. शाळांच्या टीसीवर फीची बाकी लिहू नये, असं मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्येच तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सांगितलं होतं. तो निकाल दाखवून दुरुस्त टीसी मिळवण्यात आणखी काही दिवस गेले.

त्या दिवसांत प्रवेशाची मुदत संपली. हमीपत्र घेऊन तात्पुरता प्रवेश द्यावा, अशी विनंती सरकारी कॉलेजला केली होती. नियमात बसत नाही म्हणून ती फेटाळली गेली. हवी ती जागा गेली. पुढच्या फेरीत तिला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या शाखेत जागा मिळाली. ती तिने घेतली आणि आज ती तिथे शिकते आहे. हे प्रकरण यशाचं म्हणून सांगितलं जातं तेव्हा मला ती गेलेली जागा आठवते, आणि राग येतो.

ट्रान्सक्रिप्ट सगळ्यात शेवटी मिळालं. २०२३-२४ चा केंद्राचा हप्ता पुढे आला, यावेळी योग्य खात्यात, आणि तिने तो त्याच आठवड्यात भरून पावती घेतली. हप्तेही फिटले. धाकटा भाऊ बारावी पास झाला. प्लेसमेंट ट्रेनिंगच्या २४,००० ची तक्रार शुल्क नियामक प्राधिकरणाकडे आहे, निकाल बाकी आहे. तक्रार निवारण समितीची बैठक मुदतीत झालीच नाही. समितीत एक महिला आणि एक मागासवर्गीय सदस्य हवा. इथे संकेतस्थळावर नावं होती, पण त्यातल्या एका प्राध्यापकांनी कॉलेज सोडून बराच काळ झाला होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी न्यायालयात जायला हवं होतं, असं काही जणांनी नंतर सुचवलं. मला तसं वाटत नाही. २२,००० चा हिशेब न देता याचिका गेली असती तर कॉलेजने पहिल्याच सुनावणीत तोच मुद्दा पुढे केला असता. मात्र विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलाचं एक नोटीसपत्र आमच्या पत्राबरोबरच गेलं असतं, तर टीसीवरच्या शेऱ्याचे दिवस कदाचित वाचले असते. आता आम्ही तसं करतो.

विद्यार्थ्यांच्या हातात असलेल्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या आहेत. दरवर्षी अर्जाआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग पाहावं. दहावी-बारावीची मंडळाची गुणपत्रकं डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवावीत. तिथून आलेला दस्तऐवज माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांनुसार मूळ प्रतीच्या बरोबरीचा धरला जातो. फी भरली की पावतीवर वर्ष आणि हप्ता लिहून घ्यावा. आणि घरात अडचण येऊन पैसे खर्च झाले तर ते लगेच, लेखी कळवावं. भीती मला समजते. पण दोन वर्षांनी खिडकीवर तेच सांगणं जास्त जड जातं.

कॉलेजने करायच्या गोष्टी यापेक्षा मोठ्या आहेत. सरकारकडून येणं आणि विद्यार्थ्याकडून येणं हे खातेवहीत वेगळे रकाने हवेत. खिडकीवरच्या क्लार्कला एकच एकूण आकडा दिसतो तोवर प्रत्येक मागासवर्गीय विद्यार्थी थकबाकीदार दिसणार. वसुलीसाठी नोटीस, हप्ते, दिवाणी दावा असे मार्ग आहेत. ते हळू आहेत, पण कुणाचं पुढचं शिक्षण तोडत नाहीत. अमेरिकेत ट्रान्सक्रिप्ट अडवणं सर्रास चालायचं. कॅलिफोर्नियाने २०२० पासून त्यावर कायद्याने बंदी आणली, आणि तिथली कॉलेजं त्यानंतरही आपली येणी वसूल करतात. आपल्याकडेही मूळ प्रमाणपत्रांसाठी जी स्पष्टता २०१८ च्या अधिसूचनेत आहे, ती कॉलेजने स्वतः दिलेल्या गुणपत्रक, टीसी आणि ट्रान्सक्रिप्टसाठी एका ओळीत लिहून देता येईल. पूर्ण केलेल्या सत्राचं गुणपत्रक बाकीसाठी अडवू नये, एवढीच ती ओळ.

सरकारच्या बाजूने तीन गोष्टी तातडीने करण्यासारख्या आहेत. बँकेच्या मेसेजमध्ये फीचा भाग किती आणि निर्वाह भत्त्याचा किती, हे वेगळं लिहावं. आधार मॅपिंग बदललं असेल तर पैसे सोडण्याआधी विद्यार्थ्याला कळवावं. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. आधी फी न भरता प्रवेश, आणि शिष्यवृत्ती खात्यात आल्यावर ती भरण्याची जबाबदारी, असं ते कार्ड सांगतं. त्याच कार्डावर आणखी एक ओळ छापावी: शिष्यवृत्ती शासन स्तरावर प्रलंबित असताना कोणतंही गुणपत्रक, दाखला किंवा ट्रान्सक्रिप्ट रोखता येणार नाही. समाज कल्याण कार्यालयाने या प्रकरणात जे एका पत्राने केलं, ते मग प्रत्येक मुलीला वेगळं मागावं लागणार नाही.